सुदुंबऱ्याचं ऊन

हळदीच्या डागाला साबण लावू नये, हे आमच्या आळीतलं शेंबडं पोरही सांगेल. उम्मेहानीनं नेमका साबण लावला.

मी मागच्या पडवीत शेगडीवर टोपली पालथी घालून कपडे वाळवत होते. लोणावळ्यात श्रावणात कपडे वाळवायचे ते असेच. तेवढ्यात आतून अम्मांची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. धावत जाऊन बघते तर अम्मांच्या गालिच्यावर लालभडक डाग, परातीएवढा, आणि त्याच्याशेजारी साबणाची वडी हातात धरून ही नवी सून थिजून बसलेली. पोरीनं हातबीत कापून घेतला असं अम्मांना वाटलं होतं.

"रक्त नाही, अम्मा," मी म्हटलं. "हळद आहे. साबणानं लाल झाली."

"हळद सांडली कुणी?"

ह्याचं उत्तर विचारणारीलाही ठाऊक होतं. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई, अजीजुन्निसा. आदल्या दिवशी अंगणातल्या शेवाळावरून त्यांचा पाय घसरला आणि घोटा टम्म सुजला. मी उम्मेहानीला हळद-मिठाचा लेप गरम करून आणायला सांगितलं. ती वाटी घेऊन आली तेव्हा अम्मा पलंगावर झोपल्या होत्या. वाटेत त्यांचं पानदान ठेवलेलं. एवढं मोठं पितळी पानदान, पण ही त्यालाच अडखळली आणि वाटी गालिच्यावर पालथी झाली. मला येऊन सांगितलं असतं तर तिथंच निभावलं असतं. पण घाबरलेला माणूस आधी साबण शोधतो.

आणि घाबरायला कारण होतं. उम्मेहानी सुदुंबऱ्याची. उन्हाळ्यात माझ्या धाकट्या दिराशी, दस्तगीरशी, तिचं लग्न झालं. तो खंडाळ्याला एका बंगल्यावर मोटार चालवतो आणि रविवारीच घरी येतो. तो नसताना हिनं कंदिलाची काच फोडली, लिंबाच्या लोणच्याची बरणी फोडली, दुधाचं पातेलं उंबऱ्यात उपडं केलं. ह्यावर कडी म्हणजे भर बाजारात अम्मांची सख्खी बहीण समोरून आली, तर सलाम न करता सरळ पुढं निघून गेली. भांडी फुटली ते अम्मांनी गिळलं असतं. बहिणीचा अपमान त्यांच्या घशाखाली उतरला नव्हता.

आणि आता गालिचा. माझे सासरे खंडाळ्याच्या एका बंगल्यात खानसामा होते. साहेब विलायतेला कायमचा परत गेला तेव्हा त्यानं हा गालिचा त्यांना दिला. दुधासारखी जमीन आणि तिच्यावर निळ्या वेली. सासरे गेले, पण गालिचा अम्मांनी जिवापाड जपला. ईदेलासुद्धा त्यावर चहाचा कप न्यायची कुणाची छाती नव्हती.

अम्मा ओरडल्या नाहीत. ते मला जास्त वाईट वाटलं. शांतपणे म्हणाल्या, "अकबरी, फकरूला सांग, हिला माहेरी पोचवून ये. दस्तगीरची समजूत मी घालीन. हिचं लक्ष नाही ह्या घरात. ज्याचं लक्ष नाही त्याला बांधून ठेवण्यात काय अर्थ आहे?"

माहेरी पोचवलेली सून आपण होऊन परत येते ती गोष्टींत. आमच्याकडे अशा सुनेमागून महिन्या-दोन महिन्यांत निरोप जातो आणि तिची पेटीही जाते. सतरा वर्षांची पोर होती. ती रडली असती तर मला इतकं लागलं नसतं. ती नुसती साबणाच्या वडीकडे बघत बसली होती.

"डाग गेला तर?" मी विचारलं.

"तो जायचा नाही."

"गेला तर पोरगी राहील. बोला."

अम्मांनी माझ्याकडे बघितलं. मी काही देवभोळी, भित्री सून नव्हे, हे त्यांना माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. आमचे हे, म्हणजे फकरुद्दीन, रेल्वेत. त्यांच्या कपड्यांवरच्या इंजिनाच्या वंगणाशी मी रोज झुंजत आले. जांभळाचा डाग मी काढलाय, करवंदाचा चीक काढलाय, मौलवीसाहेबांच्या शेरवानीवरची पानाची पिंक काढून ती शेरवानी त्यांच्या बायकोला न कळता परत केलीय. डागाला माणसं उगाच भितात. डाग म्हणजे हट्टी मूल. त्याला काय हवंय ते कळलं की सुटतो.

"गेला तर राहील," अम्मा म्हणाल्या. "पण मागमूससुद्धा दिसता कामा नये."

"नाही दिसणार."

मी पहिल्यांदा ती साबणाची वडी पोरीच्या हातातून काढून घेतली. मग थंड पाणी आणि जुनं मऊ फडकं. घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि कडेकडून आत यायचं, नाहीतर परातीएवढा डाग गालिचाभर व्हायला वेळ लागत नाही. साबण निघाल्यावर लिंबू पिळलं. लाल रंग डोळ्यांदेखत मावळला आणि खाली पुन्हा पिवळा वर आला. तोवर शेजारची झुंबरबाई डोक्यावर इरलं घेऊन दारात हजर झाली होती. अम्मांची किंकाळी तिच्याही घरात पोचली होती.

"आगं बया! साबान लावला व्हय गं?" ती हसायलाच लागली. "हळदीचं कुंकू आसंच तर व्हतं. सासूच्या गालिच्याला कुंकू लावलंस की गं पोरी!"

अम्मांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलले ते मी बघितले. उम्मेहानी तेवढी हसली नाही.

"लाल गेला," मी झुंबरबाईला म्हटलं. "पिवळा राहिलाय. त्याला आता ऊनच पाहिजे."

"ऊन? आन् हितं?" झुंबरबाईनं बाहेर हात केला. भुशीकडून आलेला ढग आमच्या कौलांवर बसला होता आणि तो दसऱ्याआधी उठायचं नाव काढणार नव्हता. समोरच्या पिंपळाचा शेंडा दिसत नव्हता. "ऊन पायजे तर खाली उतरावं लागंल, अकबरी. तळेगावच्या पल्याड. तितं पाऊस न्हाई म्हून लोक रडत्यात."

तळेगावच्या पल्याड म्हणजे सुदुंबरे. मी उम्मेहानीकडे बघितलं. तिनंही ऐकलं होतं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

रात्री ह्यांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "दूध आणायला, दळण आणायला जाणाऱ्या बायका पाहिल्या. ऊन आणायला आगगाडीनं जाणारी तूच." पण सकाळी गालिचा गोणपाटात बांधून स्टेशनपर्यंत त्यांनीच नेला आणि बायकांच्या डब्यात चढवून दिला. उम्मेहानीच्या काखेत गाठोडं होतं. चांगलं भरगच्च. लग्नातली शालूची ओढणीसुद्धा त्यातून डोकावत होती.

"एका रात्रीसाठी एवढं?" मी विचारलं.

"आसू द्या, भाबी."

"मी तुला सोडायला चाललेली नाही. गालिचा वाळवायला चाललेय."

"व्हय," ती म्हणाली. विश्वास तिळभर नव्हता. मला राग आला. मी दिलेल्या शब्दावर माझी सासू विश्वास ठेवते आणि ही कालची पोरगी ठेवत नाही!

गाडी मळवली सोडून कामशेतला आली तोवर खिडकीच्या काचेवरचं पाणी ओसरलं. वडगावला पावसाची नुसती भुरभुर राहिली. तळेगावला उतरलो तेव्हा ढगांना भोकं पडली होती आणि फलाटावर चक्क माझी सावली पडली. किती आठवड्यांनी भेटली होती ती! पुढं बैलगाडी. गाडीवान मारुती सुदुंबऱ्याचाच. त्यानं आधी उम्मेहानीकडे, मग तिच्या गाठोड्याकडे बघितलं आणि वाटभर एक शब्द बोलला नाही. गावात शिरताना बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. लेक सासूशिवाय, नवऱ्याशिवाय, गाठोड्यासकट आलेली बघून गावाला काय कळायचं ते कळलं.

तिच्या आईलाही तेच कळलं. ती विधवा बाई. घर शेवटच्या गल्लीतलं, दोन खणांचं. दारातच तिनं माझा हात धरला. "काय केलं हिनं?"

"हळद सांडली. खाट कुठं आहे, मावशी? ऊन आहे तोवर काम करू द्या मला."

मी त्या बाईला धीर देत बसले नाही. धीर द्यायला अख्खी रात्र पुढं होती. ऊन जाणार होतं. अंगणात खाट टाकली, तिच्यावर गालिचा पसरला, डागावर लिंबाचं पाणी शिंपडलं आणि उन्हाला सांगितलं, कर तुझं काम. कोरडा डाग ऊन हळूहळू खातं, ओला भराभर खातं. म्हणून वाळला की पुन्हा शिंपडायचं, आणि कोंबड्या हाकत राहायचं. श्रावणातलं ऊन लहरी. क्षणात येई, क्षणात जाई. ढग आला की मी त्याला शिव्या घाली आणि तो गेला की माझ्याच शिव्यांनी गेला असं म्हणे. दुपारपर्यंत पिवळा रंग लिंबासारखा होता तो ताकासारखा झाला. मला खात्री होतीच, पण डोळ्यांनी बघितल्यावर भूक लागली.

जेवणाआधी मी एकटीनं गालिचा उलटा केला. लोकर तळातून ओली राहिली की वास धरते, म्हणून पाठीलाही ऊन द्यावं लागतं. हात पुसत होते तेवढ्यात उम्मेहानी भाकरीची टोपली घेऊन दारात आली.

"बघ गं," मी हौसेनं म्हटलं. "डाग कितीसा राहिलाय?"

तिनं खाटेकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं.

"लय फिका झाला, भाबी," ती म्हणाली. "आता जरासाच दिसतो."

खाटेवर गालिच्याची पाठ होती. नुसत्या दोऱ्यांच्या गाठी. डाग खालच्या बाजूला होता, तो आभाळातून बघणाऱ्यालाही दिसला नसता.

मी हात पुसायचं फडकं उचललं आणि अंगणाच्या मधोमध उभी राहून वर धरलं. "आणि हे काय आहे?"

तिनं डोळे बारीक केले. मग अंदाजानं म्हणाली, "कोंबडी?"

आतून तिची आई आली आणि माझ्या हातातलं फडकं बघून उंबऱ्यावरच बसली. बरणी, कंदील, दूध, पानदान, बाजारातली मावससासू, सगळं माझ्यासमोर एका ओळीत येऊन उभं राहिलं. लांबूनच डाग ओळखणारी मी, आणि माझ्याच घरात एक पोर महिनोन् महिने चाचपडत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ल्हानपनी गोवर आल्ता, तवापास्नं," आई म्हणाली. "जवळचं सुईत दोरा ववंल इतकं दिसतं. लांबचं न्हाई दिसत. तुमी बघाया आलता तवा तिला खाली मान घालून बसवली. सांगितलं आसतं तर करून घेतली आसती का? खरं सांगा, बाई. आता तरी कुनाला सांगू नका. पाया पडते तुमच्या."

"पाया नका पडू!" मी ओरडलेच. "पोरीचे डोळे कमी आहेत ह्यात लाज कसली? पण तुम्ही तोंड मिटून घेतलंत आणि तिच्या कपाळी हलगर्जी हा शिक्का बसला. आळशी, गर्विष्ठ, मनात खोट असलेली. सगळं ऐकून घेतलं तिनं. ते बरं झालं का?"

आई रडायला लागली. मला तिची दया आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम येतं कधीकधी. उम्मेहानी मात्र रडत नव्हती. ती माझ्याजवळ आली, अगदी जवळ, आणि मला तेव्हा कळलं की ही पोर बोलताना नेहमी एवढी जवळ का येते. अम्मांना तो आगाऊपणा वाटे.

"तुमी इचारलं म्हून व्हय म्हनलं, भाबी," ती म्हणाली. "मी सगळ्यांनाच व्हय म्हनते. न्हाई म्हनलं की लोक इचारत्यात, का न्हाई."

मी तिच्या हातातली टोपली घेतली. भाकरी खाल्ली. गालिचा पुन्हा सुलटा केला आणि लिंबाचं पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी ऊन पहिल्यासारखं लहरी नव्हतं. मोकळं पडलं. दुपार कलायच्या आत डाग असा गेला की कुठं होता ते शोधायला मला निळ्या वेलीची पानं मोजावी लागली. मग तिथंही काही सापडलं नाही. परतीच्या बैलगाडीत मी उम्मेहानीला म्हटलं, "पैज मी जिंकलेय. अम्मा शब्दाच्या पक्क्या आहेत, तू राहशील. डोळ्यांचं सांगायचं की नाही ते तू ठरव. मी चहाडी करणार नाही. पण मला कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

"सांगितलं तर त्या ठिवतील?"

"माहीत नाही," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडी फारसं नसतं.

लोणावळ्यात शिरलो तर तोच ढग, तोच पाऊस. अम्मा तक्क्याला टेकून बसल्या होत्या, पाय उशीवर. ह्यांनी गालिचा त्यांच्यापुढं उलगडला. अम्मांनी कंदील जवळ मागवला. सगळा गालिचा हातानं चाचपून बघितला, वास घेतला, कोपरे उलटून पाठ बघितली. झुंबरबाई दारातून मान वळवून वळवून बघत होती. मी हाताची घडी घालून उभी. एवढं मोठं सुख फार वेळा मिळत नाही.

"गेला," अम्मा शेवटी म्हणाल्या. मग पोरीकडे न बघताच, "राहू दे हिला. पण यापुढं लक्ष देऊन चालायचं."

झालं. संपलं होतं सगळं. उम्मेहानीनं नुसतं व्हय म्हणायचं होतं. ती दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, निदान माझ्या दिशेनं बघितलं.

"न्हाई, अम्मा," ती म्हणाली. "माझं लक्ष आसतं. मला दिसत न्हाई."

तिनं सगळं सांगितलं. गोवर सांगितला, खाली मान घालून बसवल्याचं सांगितलं, आईला वाचवलं नाही आणि स्वतःलाही नाही. बाजारातल्या मावशींचं अम्मांनीच विचारलं. "त्या कुटून आल्या, कुटं गेल्या, मला ठावंच न्हाई," ती म्हणाली. अम्मांचा चेहरा मला वाचता येईना. फसवणूक ती फसवणूक, आणि अम्मांना आयुष्यात कुणी फसवलेलं चाललं नव्हतं. जिंकलेली पैज हातातून निसटताना मला दिसत होती. पण पोरीला गप्प कर असं माझ्या मनात आलं नाही. मला तिचा अभिमान वाटत होता.

"तिथून मी दिसते?" अम्मांनी विचारलं.

"पांढरी ओढनी दिसती."

"चेहरा?"

"न्हाई."

अम्मांनी भिंतीला हात लावला आणि उठल्या. सुजलेल्या पायावर. ह्यांनी आधार द्यायला हात पुढं केला तो त्यांनी झटकला. लंगडत पुढं आल्या. "आता?" उम्मेहानीनं मान हलवली. नाही. आणखी पुढं. "आता?" नाही. वेदनेनं त्यांचा ओठ दाताखाली गेला होता. पोरगी त्यांच्याकडे यायला निघाली तर हातानंच थांबवली तिला. चालत राहिल्या त्या, एक एक पाऊल, पार दारापर्यंत, तिच्या तोंडाला तोंड लागेल इतक्या जवळ.

"आता?"

"आता दिसता, अम्मा."

"मग इतके दिवस मी त्या तिथून तुझ्यावर डोळे वटारत होते, ते सगळं फुकट गेलं म्हणायचं!"

पहिल्यांदा झुंबरबाई फुटली. मग हे. उम्मेहानी हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली, आणि अम्मांनी तिच्याच खांद्याचा आधार घेतला, कारण पाय आता खरंच टेकवत नव्हता. मी पुढं झाले तसं त्यांनी मान वळवून मला नेहमीच्या आवाजात हुकूम सोडला.

"अकबरी, रविवारी दस्तगीर आला की ह्या दोघांना पुण्याला पाठव. चष्मा करून आणू दे. आणि त्याला बजावून सांग, कसलातरी स्वस्तातला उचलून आणू नकोस म्हणावं. माझी सून घालणार आहे तो."